पहाटेच्या थंडीत काटकसर नको!

मैत्रिणींनो, नाशिकची डिसेंबरातली पहाट, साडेपाचची वेळ, आणि अंगावरची गोधडी बाजूला सारायची! नुसत्या कल्पनेनंच काटा आला ना? पण मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत असते. तिची तयारी करायची तर थंडीतली पहाट काही चुकत नाही.

“४२ किलोमीटर १९५ मीटर पळायचं, मग वेगाच्या धावा कशाला?” असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. आठवड्यातलं बहुतेक पळणं सावकाशच असावं, शेजारणीशी गप्पा मारता येतील इतकं. पण एखाद्या दिवशी छोट्या वेगवान धावा घेतल्या, की पावलं हलकी पडतात आणि नेहमीचा वेग सोपा वाटू लागतो.

गेल्या वर्षी इथेच माझं चुकलं. मुलांचे डबे व्हायचे होते, नळाचं पाणी जायचं होतं. वेळ वाचवायला मी मैदानावर पोचले ती सुसाटच सुटले. तिसऱ्या धावेला मांडीच्या मागे अशी कळ आली की लंगडतच घरी परतले. सासूबाई म्हणाल्या, “सांगत होते, हे बायकांचं काम नव्हे.” पायापेक्षा ते शब्द जास्त लागले.

अहो, चूक बाईपणाची नव्हती, घाईची होती! थंडीत स्नायू आखडलेले असतात, एकदम ताण दिला की दुखावतात. ‘बायकांना झेपणार नाही’ म्हणणारे तर सगळीकडेच होते. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन सुरू व्हायला १९८४ साल उजाडलं. ती पहिली शर्यत अमेरिकेच्या जोन बेनॉइटनं जिंकली. आणि आमच्या नाशिक जिल्ह्यातली कविता राऊत २०१६ साली रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली!

आता माझा क्रम असा. आधी पाच मिनिटं भरभर चालणं, मग दहा मिनिटं सावकाश पळणं. अंग गरम झालं की स्वेटर काढायचा. मग वीस-वीस सेकंदांच्या सहा धावा, जीव तोडून नव्हे, वेग हळूहळू वाढवत. दोन धावांमध्ये दीड-दोन मिनिटं चालायचं. शेवटी पुन्हा दहा मिनिटं सावकाश.

घरी येताच घामाचे कपडे बदला. थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी प्या. थंड, कोरड्या हवेनं दमा उसळू शकतो, तेव्हा दमेकरी मैत्रिणींनी डॉक्टरांना विचारूनच पळावं. छातीत दुखलं तर मात्र कुणीही लगेच थांबावं आणि डॉक्टरांना दाखवावं.

वेळेचं म्हणाल, तर भाजी मी रात्रीच चिरून ठेवते. पहाटेचा चहा आता हे करतात. पहिल्या दिवशी साखरच विसरले! आणि परवा उठून पाहते, तर सासूबाईंनी माझ्या उशाशी कानटोपी ठेवलेली.

तेलात, साखरेत, गॅसमध्ये आपण काटकसर करतोच. पण स्वतःच्या त्या पहिल्या पंधरा मिनिटांत मात्र करू नका हं!