नगररचनाकार : आपल्या मुलांसाठी एक चांगला पेशा

खांदा कॉलनीत दुकान घेणारा व्यापारी जागेचा भाव विचारतो, गिऱ्हाईक किती ते पाहतो. पण समोरचा रस्ता किती रुंद होणार, शेजारचा भूखंड कशासाठी राखीव आहे, हे फार थोडे लोक विचारतात. धंद्याचे नशीब पुष्कळदा त्यावरच ठरते.

१९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवीन पनवेलची सेक्टरवार आखणी केली. खांदा कॉलनी त्यातलीच. रस्ते, पाणी, शाळा, बाजार, कब्रस्तान यांना जागा किती आणि कोठे, हे लोकसंख्येचा हिशेब करून नकाशावर मांडणारा तो नगररचनाकार.

या पेशाकडे जाण्याचे मार्ग तीन. बारावी गणितासह झालेल्यांना चार वर्षांची बी. प्लॅनिंग पदवी घेता येते. त्यासाठी जेईई मेनमध्ये वेगळा पेपर असतो. सिव्हिल किंवा आर्किटेक्चरचे पदवीधर दोन वर्षांचे एम. प्लॅनिंग करू शकतात. खर्च झेपत नसेल तर दहावीनंतर सिव्हिलची तीन वर्षांची पदविका करावी, किंवा बारावीनंतर आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा अभ्यासक्रम पुरा करावा.

मिळकतीचे म्हणाल तर राज्याच्या नगररचना विभागाच्या २०२४ च्या भरतीत पदविकाधारकांसाठी रचना सहायकाची वेतनश्रेणी ३८,६०० ते १,२२,८०० रुपये होती. आयटीआय झालेल्या अनुरेखकाची २१,७०० ते ६९,१०० रुपये. भत्ते निराळे. पदवीधरांसाठी सहायक नगररचनाकाराची पदे लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. खासगी सल्लागार संस्थांत सुरुवातीचा पगार बेताचा असतो, तेथे अनुभवाला मोल येते.

आपल्या भागात काम पुष्कळ आहे. विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्राचे नियोजन २०१३ पासून सिडकोकडे आहे. पनवेल महानगरपालिका २०१६ साली झाली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला की १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार हरकती व सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. नकाशा वाचणारे कोणी नसेल तर ती मुदत निघून जाते, आणि दुकानावर रस्त्याची रेघ आल्याचे नोटीस हाती पडल्यावर कळते.

सुतार, गवंडी, फॅब्रिकेटर यांच्या मुलांना माप आणि नकाशा घरातच दिसतो. हे भांडवल वाया जाऊ देऊ नका. दहावी-बारावीच्या निकालानंतर या शिक्षणाची चौकशी अवश्य करा. मुलींसाठीही हा मार्ग तितकाच खुला आहे.