वटवाघूळ : चित्रातला सैतान, शेतातला सोबती

ख्रिस्ती चित्रकलेत देवदूताला पक्ष्याचे पिसांचे पंख असतात. सैतानाला मात्र बहुधा वटवाघळाचे कातडी पंख दिलेले आढळतात. चौदाव्या शतकात इटालियन महाकवी दान्ते याने सैतानाच्या पंखांना वटवाघळाची उपमा दिली आणि १८६१ साली गुस्ताव्ह दोरे या फ्रेंच चित्रकाराने त्या काव्यासाठी केलेल्या चित्रांत ते पंख सर्वांच्या डोळ्यांपुढे उभे केले. स्पेनच्या गोयाने १७९९ साली प्रसिद्ध केलेल्या एका चित्रात झोपलेल्या माणसाभोवती घुबडांसह वटवाघळेच घिरट्या घालतात.

चीनमध्ये मात्र हाच जीव शुभ मानला जातो. चिनी भाषेत वटवाघूळ व सौभाग्य या दोन्हींसाठी 'फू' असा समान उच्चार येतो. म्हणून तेथील रेशमी वस्त्रांवर व चिनी मातीच्या भांड्यांवर पाच वटवाघळे काढतात. दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचरणाची आवड आणि शांत मरण या पाच वरदानांचे ते प्रतीक होय. पुष्कळदा त्यांचा आकार इतका अमूर्त होतो की केवळ काही वळणदार रेषा उरतात आणि पाहणाऱ्यास ती फुलपाखरे वाटावीत.

यांपैकी सत्याच्या अधिक जवळचे चित्र कोणते?

वटवाघूळ हा खऱ्या अर्थाने उडू शकणारा एकमेव सस्तन प्राणी. जगात त्याच्या १४०० हून अधिक जाती आहेत. फलाहारी वटवाघळे वड-उंबरांच्या बिया दूरवर पोहोचवितात आणि गोरखचिंचेसारख्या रात्री फुलणाऱ्या वृक्षांचे परागीभवन करतात. कीटकभक्षी जाती पिकांवरील अळ्यांचे पतंग रात्रभर टिपतात.

या सेवेचे मोल अमेरिकेत ती नाहीशी झाल्यावर कळले. २००६ साली न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसली. त्या रोगाने पुढे लक्षावधी वटवाघळे मेली. शिकागो विद्यापीठातील संशोधक एयाल फ्रँक यांनी २०२४ साली दाखवून दिले की, अशा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढविला आणि तेथील बालमृत्यूंचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी वाढले. गुहेतील एका जिवाचा ऱ्हास अखेर पाळण्यापर्यंत पोहोचला.

आपल्या देशातही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फलाहारी वटवाघळांना उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द झाली.

वटवाघळांपासून रोगाची भीती अगदीच निराधार नाही. २०१८ साली केरळात निपाहची साथ आली, तेव्हा त्या विषाणूचा उगम फलाहारी वटवाघळांतच आढळला. म्हणून त्यांना हात लावू नये, त्यांनी उष्टावलेली फळे खाऊ नयेत. परंतु त्यांची वस्ती असलेला जुना वड तोडणे वा गुहेत धूर करणे हा उपाय नव्हे. त्यांना त्यांच्या जागी निवांत राहू देणे, यातच त्यांचे व आपलेही हित आहे.