अपुऱ्या दिवसांचे मूल आणि त्याची दृष्टी

दिवस भरून जन्मलेले मूल दिव्याकडे टक लावून पाहू लागले, म्हणजे दृष्टी ही जन्माबरोबरच लाभलेली देणगी आहे असे घरच्या मंडळींस सहजच वाटते. वस्तुतः डोळ्याची घडण गर्भाच्या चौथ्या आठवड्यास सुरू होऊन जन्मानंतरही चालू राहते. पापण्या प्रथम परस्परांस चिकटलेल्या असतात. त्या सव्विसाव्या आठवड्याच्या सुमारास विलग होतात. पूर्ण दिवसांच्या अर्भकाचा डोळा पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटर, तर प्रौढाचा सुमारे २४ मिलिमीटर भरतो.

या घडणीत सर्वांत सावकाश पुरे होणारे काम म्हणजे दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा. डोळ्याच्या आतील बाजूस पसरलेल्या या नाजूक पडद्यावर सोळाव्या आठवड्याच्या सुमारास रक्तवाहिन्या मध्यापासून कडेकडे वाढू लागतात. नाकाच्या बाजूची कड त्या छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास गाठतात. कानशिलाकडील कड गाठावयास चाळिसावा आठवडा उजाडतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या मुलाच्या दृष्टिपटलाचा बराचसा भाग, अर्थातच, रक्तवाहिन्यांवाचून असतो.

गर्भाशयात प्राणवायू बेताचाच असतो. वाढत्या दृष्टिपटलास तो अपुरा पडू लागला की ते एक रासायनिक द्रव्य निर्माण करते आणि त्या द्रव्याच्या ओढीने रक्तवाहिन्या पुढे सरकतात. जन्मानंतर अकस्मात जादा प्राणवायू मिळाला, तर ही ओढ थांबते व वाहिन्यांची वाढ खुंटते. काही आठवड्यांनी तोच पडदा मोठा झाल्यामुळे प्राणवायूसाठी आसुसतो आणि ते द्रव्य अतोनात निर्माण करतो. मग वाहिन्या वेड्यावाकड्या फोफावतात, त्यांमागे व्रणतंतू तयार होतात, ते आकसतात आणि दृष्टिपटलास त्याच्या जागेवरून ओढून काढतात. पडदा असा पूर्णपणे सुटला म्हणजे गेलेली दृष्टी परत मिळणे अत्यंत दुर्घट होते.

या विकाराचे वर्णन बोस्टन येथील नेत्रवैद्य थिओडोर टेरी यांनी १९४२ साली केले. काचेच्या पेटीत ठेवलेली मुले जगत होती, परंतु त्यांतील कित्येक अंध होत होती. प्राणवायूवरील संशय मेलबर्न येथील डॉ. केट कॅम्पबेल यांनी १९५१ साली प्रकट केला. पुढे १९५३-५४ मध्ये अमेरिकेतील १८ रुग्णालयांनी मिळून केलेल्या प्रयोगाने तो खरा ठरला. तेव्हा प्राणवायूस हात आखडता घेण्यात आला. अंधत्व घटले, पण श्वासावाचून दगावणाऱ्या मुलांची संख्या वाढली. तात्पर्य, जे जीव वाचविते तेच मात्रेबाहेर गेल्यास दृष्टी हिरावते, आणि मात्रा फार कमी केल्यास जीवच धोक्यात येतो. म्हणूनच आज बालकाच्या रक्तातील प्राणवायू यंत्राने अहोरात्र मोजून त्याचे प्रमाण राखले जाते.

इतकी काळजी घेऊनही काही मुलांस हा विकार होतोच. त्याचे विशेष कपट असे की प्रारंभी डोळा वरून अगदी निर्दोष दिसतो. लाली नाही, पाणी नाही, वेदनेचे चिन्ह नाही. बाहुलीत पांढरी झाक दिसेपर्यंत वेळ बहुधा निघून गेलेली असते. यास्तव भारतात ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या अथवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक मुलाचा डोळा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासावा, असा दंडक आहे. २८ आठवड्यांपूर्वीच्या किंवा १२०० ग्रॅमहून हलक्या मुलाची तपासणी दोनतीन आठवड्यांतच व्हावी लागते. थेंब घालून बाहुली मोठी करतात व आतील पडदा पाहतात. वाहिन्या कडेस पोहोचेपर्यंत ही तपासणी पुनःपुन्हा करावी लागते. विकार बळावत आहे असे दिसल्यास लेसर किरणांनी अथवा डोळ्यात औषध टोचून तो आवरता येतो. मात्र हे दोनतीन दिवसांत व्हावयास हवे.

आपल्याकडे बाळबाळंतिणीने सव्वा महिना उंबरठा ओलांडू नये अशी रूढी आहे. तिच्यामागे मायेचाच हेतू आहे, यात शंका नाही. परंतु ३० दिवसांची मुदत त्या सव्वा महिन्याच्या आतच संपते. घरात अपुऱ्या दिवसांचे मूल आले असेल, तर रूढीचा हा एक नियम बाजूस ठेवून त्यास नेत्रवैद्याकडे नेणे, यातच त्या मायेचे खरे सार्थक आहे.