कापूस आपला, डोक्यावरचं कापड कुणाचं?

एप्रिल लागला की अकोला-अमरावतीत पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि दुपारच्या रस्त्यावर उघडं डोकं दिसत नाही. गाडीवरच्या मुली फक्त डोळे मोकळे ठेवून स्कार्फ घट्ट बांधतात. शेतातल्या बाया लुगड्यावर पुरुषी शर्ट चढवून डोक्याला दुपट्टा गुंडाळतात. आजीबाई पदरावरच भागवतात.

डोक्यावरच्या अशाच कापडाचा अझरबैजानने मान राखला आहे. तिथल्या बायकांचा रेशमी रुमाल, ‘केलागायी’, २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला. शेकी शहर आणि बास्गाल गाव ही तो बनवण्याची मुख्य ठिकाणं. तलम, चौकोनी रेशमावर कारागीर वितळलेल्या मेणात बुडवलेला लाकडी ठसा उमटवतो. मग कापड रंगात जातं. मेणाखाली रंग धरत नाही, त्यामुळे मेण निघालं की नक्षी उघडी पडते. लाल केलागायी लग्नाची, काळी दुखवट्याची. भांडणाऱ्या पुरुषांमध्ये बाईने डोक्यावरचा रुमाल टाकला की हात आवरायचे, असा काकेशसमधला जुना रिवाज.

शेकी शतकानुशतकं रेशमाचं शहर आहे. धागा, रंग, ठसा आणि तो रुमाल बांधणारी बाई, सगळी एकाच मुलखातली. वऱ्हाडात इथेच दुवा तुटतो. १८५३ मध्ये हा प्रांत इंग्रजांकडे गेला, १८७० मध्ये खामगावला रेल्वे आली आणि इथला कापूस गाठी बांधून बाहेर जाऊ लागला. आज त्याच कापसाच्या मुलखात पोरीबाळी पॉलिएस्टरचे स्कार्फ बांधतात.

हा निव्वळ अस्मितेचा प्रश्न नाही. सुती कापड घाम शोषून घेतं आणि आपल्या कोरड्या हवेत तो घाम उडताना डोक्याला गारवा मिळतो. पॉलिएस्टर घाम शोषत नाही, आत उबारा धरतं.

अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून उभं आहे. ‘एकेए-७’सारखं देशी कपाशीचं वाण तिथलंच. शेजारच्या वर्ध्यात मगन संग्रहालय नैसर्गिक रंगांतली खादी करतं. वाण आहे, कसब आहे आणि दर उन्हाळ्याला ठरलेलं गिऱ्हाईकही आहे. बचतगट, विणकर आणि विद्यापीठ एकत्र बसले, तर वऱ्हाडचा स्वतःचा सुती दुपट्टा बाजारात येऊ शकतो. त्याचा पहिला मान कापूस वेचणाऱ्या बाईचा असावा.