बुडालेला कर मोजायचा कसा?

कायद्याप्रमाणे जमा व्हायला हवा तेवढा कर आणि मुदतीत प्रत्यक्ष भरला गेलेला कर यांच्यातील फरक म्हणजे करतफावत. अमेरिकेत 2022 या करवर्षासाठी तिथल्या महसूल खात्याने, म्हणजे आयआरएसने, ती 696 अब्ज डॉलर धरली आहे. देय कराच्या जवळपास 15 टक्के. यात बुडवेगिरी आहे, तशाच साध्या चुका आणि थकबाकीही आहे.

जे दडवले आहे त्याची नोंद नसते, म्हणून मोजणी आडवाटेने करावी लागते. ब्रिटन मूल्यवर्धित करासाठी देशातील एकूण खर्चाच्या आकडेवारीवरून अपेक्षित कर काढते आणि त्याचा जमेशी ताळा घेते. प्राप्तिकराला हे नीट लागू पडत नाही. तिथे सोडत पद्धतीने विवरणपत्रे निवडून त्यांची कसून तपासणी होते. फक्त संशयितांचीच तपासली, तर सगळा देशच करबुडवा दिसेल. पण मुरलेल्या तपासनिसालाही सारे सापडत नाही. म्हणून अमेरिकेत सापडलेली रक्कम संख्याशास्त्रीय गुणकाने वाढवतात, आणि खरा वाद या गुणकावरच आहे. परदेशी खात्यांत किंवा भागीदारी संस्थांच्या साखळीत मुरवलेला पैसा अशा तपासणीतून सहज निसटतो. अतिश्रीमंतांची चोरी त्यामुळे आहे त्याहून लहान दिसते, ही या पद्धतीची सर्वांत गंभीर उणीव.

तरीही हा खटाटोप करायलाच हवा. एकूण आकड्यापेक्षा त्याची फोड अधिक बोलकी असते. अमेरिकेत पगारातून कर आधीच कापला जातो, आपल्याकडच्या टीडीएससारखा. तिथे जेमतेम 1 टक्का उत्पन्न दडते. ज्या उत्पन्नाची माहिती खात्याला तिसऱ्या कोणाकडून मिळत नाही, त्यातले मात्र सुमारे 55 टक्के. नोकरदार सज्जन आणि धंदेवाला लबाड, असा याचा अर्थ नव्हे. फरक व्यवस्थेचा आहे, आणि व्यवस्था बदलता येते.

देशादेशांची तुलना मात्र जपून करावी. अमेरिका बेकायदा धंद्यांचे उत्पन्न हिशेबात धरत नाही. ब्रिटन करटाळणीच्या योजनांनी बुडालेला कर धरते. शिवाय तपासण्यांना वर्षे लागतात: अमेरिकेचे 2014 ते 2016 चे अंदाज 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रिटनचे खाते दरवर्षी नव्या अंदाजाबरोबर मागचे आकडेही दुरुस्त करते आणि कोणता अंदाज किती कच्चा आहे, हेही सांगते.