नव्या घरातील पहिला सण

नवे घर बांधून झाले की वास्तुशांत करावी, आप्तेष्टांना जेवावयास बोलवावे, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. भिंती आणि छप्पर मिळून घर उभे राहते. पण त्यात एखादा सण होऊन चार माणसे तृप्त होऊन गेली, म्हणजेच ते आपले वाटू लागते. परंतु ज्यांचे घरच नव्हे, तर गाव, नदी आणि सारा प्रांतच मागे राहिला, त्यांनी नव्या जागी सण कसा साजरा करावा? ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगरच्या रहिवाशांपुढे एके काळी हा प्रश्न उभा राहिला होता.

मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे लागतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैन्यासाठी एक मोठी छावणी उभारण्यात आली होती. तीत दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. युद्ध संपले आणि छावणी ओस पडली. पुढे १९४७ साली देशाची फाळणी झाली व सिंध प्रांत पाकिस्तानात गेला. लाखो सिंधी हिंदूंना आपले घरदार सोडावे लागले. पुष्कळजण कराचीहून आगबोटीने मुंबईस आले आणि त्यांतील हजारो कुटुंबांना या ओसाड बराकींत आसरा मिळाला. एकेका लांबलचक बराकीत अनेक कुटुंबे राहत. मध्ये भिंती नसत. तेव्हा गोणपाटाचे किंवा जुन्या कापडाचे पडदे बांधून प्रत्येकाने आपापले घर वेगळे केले. पडद्याच्या एका बाजूस बोललेले दुसऱ्या बाजूस सहज ऐकू येई.

अशा घरांतही चैत्र महिना आला. चैत्र शुद्ध प्रतिपदेस महाराष्ट्रात गुढी उभारली जाते आणि त्याच सुमारास, चैत्राची चंद्रकोर दिसताच, सिंधी लोकांचे नवे वर्ष सुरू होते. या सणास ‘चेटीचंड’ म्हणतात. सिंधी भाषेत ‘चेट’ म्हणजे चैत्र आणि ‘चंड’ म्हणजे चंद्र. हा झुलेलाल यांचा जन्मदिवस मानतात. एका जुलमी राजाच्या जाचाने त्रासलेल्या लोकांनी सिंधू नदीच्या काठी चाळीस दिवस प्रार्थना केली. तेव्हा जलदेवता वरुण झुलेलालच्या रूपाने अवतरली, अशी आख्यायिका आहे.

या दिवशी ‘बहराणा’ सिद्ध करतात. पितळी थाळीत कणकेचा दिवा, खडीसाखर, लवंगा, वेलदोडे, फळे आणि फुले ठेवतात. शेजारी पाण्याने भरलेला कलश असतो. गात व नाचत तो बहराणा मिरवीत नेतात आणि नदीकाठी दिव्याची पूजा करून कणकेचा दिवा पाण्यात सोडतात. मग सर्वांना प्रसाद वाटला जातो. त्यात ‘ताहिरी’ नावाचा गोड भात मुख्य असतो.

परंतु बराकीत राहणाऱ्यांपुढे दोन अडचणी होत्या. पहिली नदीची. सिंधू तर शेकडो कोस दूर राहिली होती, आणि तिच्यावाचून चेटीचंड कसा व्हावा? याचे उत्तर त्यांच्या श्रद्धेतच होते. झुलेलाल हे जलदेवतेचे रूप. म्हणून जेथे पाणी तेथे त्यांची पूजा होऊ शकते. सह्याद्रीत राजमाचीच्या डोंगरांजवळ उगम पावलेली उल्हास नदी कर्जत व बदलापूर येथून वाहत छावणीच्या जवळून पुढे जाते. तिचे पाणी वसईच्या खाडीतून ज्या समुद्रास मिळते, त्यालाच सिंधूही मिळते. सिंधुसागर हे त्या समुद्राचे जुने नाव आहे.

दुसरी अडचण माणसांची होती. सिंधमध्ये ज्या घरी आजोबा, काका, आत्या आणि भावंडे सणाला एकत्र जमत, त्या घरातील माणसे आता पांगली होती. कोणी कल्याणला, कोणी मुंबईजवळ चेंबूर व मुलुंडला, कोणी पुण्याजवळ पिंपरीस, तर कोणी कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहत होते. शिवाय जे येतील, त्यांना बसवावे तरी कोठे? अर्ध्या खोलीएवढ्या जागेत पंगत मांडता येत नाही. पण कापडाचा पडदा हा विटांच्या भिंतीसारखा नसतो. तो दोरीवरून बाजूला सारता येतो. तो सारला की दोन घरांची एक जागा होते आणि पलीकडचा अनोळखी शेजारी यजमानाच्या पंक्तीस बसू शकतो.

पाहुणचारालाही फार सामग्री लागत नाही. सिंधी घरी पाहुणा आला म्हणजे त्याच्यापुढे प्रथम भाजलेला पापड व पाणी ठेवण्याची चाल आहे. अगदी गरीब घरालाही हा मान राखता येतो. छावणीतील अनेक स्त्रियांनी पापड लाटून संसारास हातभार लावला. तेव्हा पाहुण्यापुढे येणारा पापड हा त्यांच्या कष्टांचाच भाग होता.

श्रावणात ‘थदडी’ हा सण येतो. त्या दिवशी चूल पेटवीत नाहीत. आदल्या दिवशी केलेले लोले व इतर थंड पदार्थच खातात. महाराष्ट्रातही श्रावणात शिळासप्तमी पाळतात. त्यामुळे मराठी शेजाऱ्यांना ही चाल अपरिचित वाटण्याचे कारण नव्हते. नव्या प्रदेशात आलेल्या माणसाला असे साम्य आढळले की त्याचे परकेपण थोडे कमी होते.

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे नव्या वसाहतीची कोनशिला बसवण्यात आली. वसाहतीस उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकींच्या जागी हळूहळू पक्की घरे, दुकाने व कारखाने उभे राहिले. १० एप्रिल १९६७ रोजी सिंधी भाषेचा भारतीय संविधानाच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. तो दिवस चेटीचंडचाच होता. आजही चेटीचंडला उल्हासनगरात मिरवणुका निघतात आणि घरोघरी ताहिरी शिजते.

ज्यांच्याजवळ घर नव्हते, त्यांनी सण घराची वाट पाहत थांबवला नाही. त्यांनी जवळचे पाणी शोधले, कणकेचा दिवा लावला आणि पडदा सारून माणसांना आत बोलावले. त्या परक्या बराकी अशा रीतीने त्यांची घरे झाली.