तापस आणि वंचक

भाषेनें केलेल्या एका अन्यायाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. बगळ्याच्या कुळांतील दोन पक्षी आपल्या पाणथळ जागांत राहतात. दोघांचीही पोट भरण्याची रीत एकच: पाण्याच्या कांठीं निश्चल उभें राहावयाचें, मासोळी किंवा बेडूक टप्प्यांत आला कीं मान फेकावयाची, आणि पुनः निश्चल व्हावयाचें. असें असतां मराठी पक्षिग्रंथांतून एकास 'तापस' म्हटलें आहे आणि दुसऱ्यास 'वंचक', म्हणजे ठक. हा वंचक म्हणजे आपला नेहमींचा भुरा बगळा. त्यास ढोकरी असेंही म्हणतात. बसला असतां तो मातकट दिसतो आणि उडाला कीं एकाएकीं पांढरा शुभ्र होतो, एवढीच काय ती त्याची वंचना. तो गांवच्या तळ्यावर, शेतांतल्या डबक्यांत, कोठेंही आढळतो. तापस सहसा कोणास दिसत नाहीं. मनुष्यांतही दूरच्या साधूचीच कीर्ति मोठी असते, हें जातां जातां नमूद करावेंसें वाटतें.

बगळ्यासंबंधींचा हा ग्रह कांहीं आजचा नाहीं. मनुस्मृतीनें ढोंगी द्विजास बकव्रती म्हणून झोडपलें आहे. पंचतंत्रांतील म्हातारा बगळा तर घरोघरच्या मुलांच्या परिचयाचा: तळें आटणार अशी थाप देऊन तो एकेका मासोळीस दुसऱ्या तळ्याकडे म्हणून नेतो, वाटेंत खातो, आणि शेवटीं खेकडा त्याची मान तोडतो. अशा गोष्टींनीं 'बकध्यान' हा शब्द शिवीसारखा झाला. खरें पाहतां बगळ्याच्या उभें राहण्यांत ढोंग कसलें? मी देवाचें नांव घेत आहें, असें तो कोणास म्हणाला? तो आपला धंदा करीत असतो. ध्यान हा शब्द आपण त्याच्या माथीं मारला, आणि मग तें ध्यान खोटें म्हणून दोषही त्यालाच दिला.

ही बुद्धि आम्हांस फार उशिरां झाली. अलिबाग तालुक्यांतील एका शाळेंत आम्हीं पुष्कळ वर्षें संस्कृत शिकविलें, आणि खेकड्याची ती गोष्ट दर वर्षीं मोठ्या रसानें सांगितली. एके वर्षीं आठवीच्या वर्गांत खिडकीशीं बसणारा एक शेतकऱ्याचा मुलगा होता. सारा वर्ग मोठ्यानें शब्द चालवीत असे. हा मात्र बाहेरच्या भातखाचरांकडे पाहत स्वस्थ बसे. "काय रे, बकध्यान लागलें वाटतें?" असें आम्हीं एकदां विचारलें. वर्ग हंसला. आम्हांसही आपला विनोद आवडला. त्या दिवसापासून तो सगळ्यांचा 'बगळा' झाला. पुढें नववींत असतां त्यानें शाळा सोडली. बाप वारला होता, हें कारण खरेंच. पण त्या नांवाचाही त्यांत कांहीं वाटा होता कीं काय, हा प्रश्न नोकरींत असेपर्यंत आम्हीं स्वतःस कधीं विचारला नाहीं. सेवानिवृत्तीनंतर वेळ मिळाला, तेव्हां विचारूं लागलों.

चार वर्षांमागें श्रावणांत तो बाजारांत भेटला. "गुरुजी, हल्लीं दुर्बीण घेऊन हिंडता म्हणे. माझ्या शेतावर या, एक पक्षी दाखवतो."

आम्ही पहांटे गेलों. लावणी होऊन महिना उलटला होता. त्याच्या खाचराच्या एका कोपऱ्यांत, जेथें पाणी खोल राहतें, रामबाणाचें दाट बेट आहे. त्यालाच कोणी पाणकणीस म्हणतात. बांधावर गोणपाट टाकून आम्ही दोघे बसलों. त्यानें न बोलतां बोट दाखविलें. आम्हांस पातीं दिसलीं, एक वाळका दांडा दिसला, पाणी दिसलें. पक्षी दिसेना. दुर्बीण डोळ्यांस लावली, पुसली, पुनः लावली. "दुर्बिणीनं नाहीं व्हायचं, गुरुजी. हलूं नका." पाऊण तास गेला. पायांस मुंग्या आल्या, मानेवर डांस बसले. 'हात बांधून स्वस्थ बसा' हें वाक्य आम्हीं मुलांस किती सहज सांगत आलों होतों! आणि मग त्या वाळक्या दांड्यानें डोळा मिटला व उघडला.

ती तापसाची मादी होती. चोंच सरळ आभाळाकडे, मान ताणून बोरूसारखी बारीक केलेली, गळ्याखालीं तपकिरी रेघा, जणूं पातींच्याच सावल्या. वाऱ्यानें पातीं हललीं कीं तीही तितकीच डुले. वारा थांबला कीं थांबे. चोंच वर केल्यावर समोरचें दिसतें कसें, अशी शंका आम्हांस आली. या कुळाचे डोळे चोंचीच्या खालून पुढें पाहूं शकतात, असें मागाहून वाचनांत आलें. म्हणजे आम्हांस ती दिसण्यापूर्वीं पाऊण तास आम्ही तिला दिसत होतों. थोड्या वेळानें नर भातावरून हातभर उंचीनें उडत आला आणि बेटांत उतरला. लांबी सुमारें ३८ सेंटिमीटर, म्हणजे कावळ्याहून थोडी कमीच. पाठ आणि पंख मात्र निव्वळ कावेच्या रंगाचे. इंग्रजींत याचें नांव दालचिनीवरून पडलें आहे. आम्हांस संन्याशाची छाटी आठवली.

आणि या तापसाजवळ भस्मही आहे! बगळ्यांच्या कुळांत अंगावर कांहीं विशिष्ट पिसांचे पुंजके असतात. त्या पिसांचीं टोंकें सतत झिजून त्यांची बारीक पूड होते. ती पूड पिसांस लावून माशांचा बुळबुळीत चिकटा शोषून घ्यावयाचा, आणि मधल्या बोटाच्या दातेरी नखानें, फणीनें केस विंचरावे तसा, काढून टाकावयाचा, असा त्यांचा नित्यक्रम आहे.

घरीं आल्यावर हें सर्व आम्हीं उत्साहानें सांगितलें. "एक पक्षी दिसावा म्हणून दोन तास? तेवढ्यांत मोदकांचे दोन घाणे उतरले असते," असा सौभाग्यवतींचा अभिप्राय पडला. पुढच्या खेपेस मात्र त्या नातवास घेऊन स्वतः आल्या.

ज्यांस हें पाहण्याची हौस असेल त्यांनीं आषाढ ते भाद्रपद हा काळ साधावा. हा यांचा विणीचा हंगाम. सूर्योदयाची किंवा तिन्हीसांजेची वेळ, पीक आणि उघडें पाणी जेथें भेटतात तो कांठ, आणि गप्प बसण्याची तयारी, एवढें पुरे. पातीं बाजूस सारून घरटें शोधूं नये. पाण्यावर वांकविलेल्या पातींच्या गादीवर चार-पांच अंडीं असतात, आणि उघडी पडलेली वाट कावळ्यास लागलीच सांपडते. याचे भाऊबंदही त्याच जागीं भेटण्याचा संभव असतो. पिवळा तापस उडतांना त्याच्या पंखांचा काळा भाग उठून दिसतो. काळा तापस मोठा, मानेच्या बाजूस पिवळा पट्टा असलेला, आणि अंधुक उजेडाचा भोक्ता. रंगीत पाणलाव्याची गोष्ट तर घरांतील स्त्रियांस अवश्य सांगावी: त्यांत मादी रंगानें भारी, ती एकाहून अधिक नरांशीं संसार थाटते, आणि अंडीं उबविणें व पिलें संभाळणें हें काम नराकडे असतें. आमच्याकडे ही गोष्ट दोनदां सांगून झाली. तिसऱ्यांदा सांगण्यास आम्हांस मनाई आहे.

या कुळांतला सर्वांत मोठा तापस हिवाळ्यांत आपल्या देशांत पाहुणा येतो, पण विणीचा हंगाम दूर देशीं असल्यानें येथें मौनच पाळतो. त्याच्या विणीच्या प्रदेशांत नराचा घुमारा रिकाम्या रांजणांत फुंकर घातल्यासारखा कित्येक किलोमीटर ऐकूं जातो. इंग्लंडांत दलदली कोरड्या करून शेतें केलीं, शिकारही पुष्कळ झाली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें याची वीण बंद पडली. १९११ मध्यें नॉर्फक परगण्यांत तो पुनः घरटें करूं लागला. तरी १९९७ मध्यें घुमणारे नर अवघे ११ उरले होते. न दिसणारा पक्षी मोजावा कसा? तर कानानें. पहांटे बेटांच्या कडेला उभें राहून घुमारे मोजतात. मग तेथील लोकांनीं पाणवनस्पतींचीं बेटें नव्यानें वाढविलीं, पाण्याची पातळी संभाळली, आणि २०२१ मध्यें हा आंकडा २२८ वर गेला.

आपल्याकडे कायद्याची एक मौज आहे. २०१७ सालीं केंद्र सरकारनें पाणथळ जागांच्या रक्षणाचे नियम केले, त्यांच्या व्याख्येंतून भातखाचरें वगळलीं आहेत. शेतकऱ्यास जाच होऊं नये, हा त्यांतील विचार समजण्यासारखा आहे. पण आमच्या तापसाचें घर नेमकें भाताच्या खाचरांत! नाशिक जिल्ह्यांतील नांदूर मध्यमेश्वर हें राज्यांतील पहिलें रामसर स्थळ म्हणून २०२० मध्यें जाहीर झालें, याचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु लाजरा पक्षी पाटी वाचून मुक्कामास जात नाहीं. आमच्याच तालुक्यांत किहीम येथें डॉ. सालिम अली यांनीं १९३० मध्यें सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. आतां मुंबईहून येणारी लाट अशी आहे कीं एका पावसाळ्यांत पाहिलेलें खाचर दुसऱ्या पावसाळ्यांत लाल मातीच्या भरावाखालीं गेलेलें असतें, आणि त्यावर बंगल्याचें फाटक उभें असतें. पंचतंत्रांतल्या बगळ्यानें तळें आटणार म्हणून सांगितलें ती थाप होती. आज त्यानें तेंच सांगितलें, तर माशांनीं त्यावर विश्वास ठेवावा.

आमच्या विद्यार्थ्याच्या शेजारचीं दोन शेतें अशीं गेलीं. त्यालाही विचारणा झाली आहे. गेल्या श्रावणांत बांधावर बसलों असतां आम्हीं ती जुनी गोष्ट एकदांची काढली. वर्गांत आम्हीं तुला नांव ठेवलें, तें बरें केलें नाहीं, असें आम्हीं सरळ सांगितलें. तो पाण्याकडेच पाहत होता.

"तुम्ही बगळा म्हणालात तेव्हां मला बरंच वाटलं होतं, गुरुजी. बाकीच्यांना तुम्ही बैल म्हणत होतात."

मग त्यानें बोट ओठांवर ठेवलें. बेटांत कांहीं तरी हललें होतें.